रात्रीचं लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन: त्याचं काम कोणतं आणि कोणतं नाही

कृष्णाकाठ

आईचं रात्रीचं ग्लार्जिन (मधुमेहासाठीचं, बराच वेळ टिकणारं म्हणजे लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन) सुरू होऊन आता बराच काळ झाला. या काळात नात्यातले, शेजारचे, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेले अशा कितीतरी जणांशी या विषयावर बोलणं झालं. बहुतेक घरांत एकच चित्र दिसलं. इन्सुलिन सुरू झालेलं असतं, रोज न चुकता टोचलंही जातं, पण ते नेमकं कशासाठी दिलंय हे घरात कुणालाच नीट माहीत नसतं. मग जेवणानंतरची शुगर २४० आली की "इन्सुलिन लागूच पडत नाही" आणि सकाळची १०५ आली की "आता बंद करायचं का?" दोन्ही चुकीचं. म्हणून हा धागा काढतेय.

आपण रात्री नऊ-साडेनऊला जेवतो. त्यानंतर सकाळच्या चहापर्यंत पोटात काही जात नाही, पण मेंदूला आणि बाकीच्या शरीराला साखर लागतच असते. ती यकृत रक्तात सोडत राहतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड चोवीस तास थोडं थोडं इन्सुलिन सोडून यकृताला आवर घालतं. टाइप २ मधुमेहात हा आवर सैल पडतो. रात्री फक्त ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाऊन झोपलेल्या माणसाची सकाळची शुगर १९० कशी, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. भाकरीचा त्यात फारसा दोष नसतो.

लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन, डॉक्टर ज्याला बेसल म्हणतात, ते एवढंच काम करतं. गॅस मंद आचेवर ठेवावा तसं ते दिवसरात्र एकसारखं चालू राहतं. जेवणानंतर एकदम चढणारी साखर उतरवणं हे त्याचं काम नाही. त्यासाठी गोळ्या, आहार किंवा जेवणाआधीचं वेगळं इन्सुलिन. त्यामुळे बेसल नीट चाललंय का हे बघायचं तर सकाळी उपाशीपोटीची शुगर बघायची. दुपारच्या आकड्यावरून त्याला पास-नापास करू नये.

थोडा इतिहासही सांगते, कारण त्यातून "लाँग"ची किंमत कळते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. ते इन्सुलिन काही तासच टिकायचं, म्हणून दिवसातून अनेकदा टोचावं लागायचं. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी ट्राउट माशाच्या वीर्यातलं प्रोटामिन नावाचं प्रथिन इन्सुलिनला जोडलं आणि ते कातडीखाली हळूहळू विरघळू लागलं. त्यातूनच १९४६ मध्ये एनपीएच आलं, ते आजही वापरात आहे. पण एनपीएचला शिखर असतं. टोचल्यावर साधारण ४ ते १० तासांनी त्याचा जोर सगळ्यात जास्त. रात्री दहाला घेतलं तर हा जोर ऐन मध्यरात्रीनंतर येतो, आणि तेव्हा घरातले सगळे झोपेत असतात. २००० साली अमेरिकेत मंजूर झालेलं ग्लार्जिन त्या मानाने सपाट चालतं, जवळपास २४ तास.

त्याची युक्ती मला फार आवडली. पेनमधलं (म्हणजे सुई लावून टोचायच्या पेनासारख्या साधनातलं) ग्लार्जिन आम्लधर्मी असतं, पीएच ४ च्या आसपास, म्हणून ते पाण्यासारखं नितळ दिसतं. कातडीखाली गेल्यावर तिथल्या ७.४ पीएचला ते टिकत नाही, त्याचे अतिसूक्ष्म कण होऊन तिथेच साठा बसतो आणि त्यातून थेंबथेंब सुटत राहतं. ग्लार्जिन दुसऱ्या कोणत्याही इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये भरायचं नाही, त्याचं कारण हेच. आणि काहींना टोचताना किंचित चुरचुरतं ते याच आम्लामुळे.

आता मुद्द्याचं. साधारणपणे सुरुवात १० युनिटने होते, किंवा वजनाच्या किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट. ही फक्त सुरुवात आहे. पुढे सकाळच्या शुगरवर नजर ठेवून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवत न्यायचं असतं, सकाळचा आकडा ठरवलेल्या पट्ट्यात येईपर्यंत. बऱ्याच जणांसाठी हा पट्टा ८० ते १३०, वयस्कर आणि एकट्या राहणाऱ्यांसाठी थोडा सैल. मी पाहिलेल्या घरांतली निम्मी दुखणी इथली आहेत. १० युनिट सुरू झालं, पुढची तारीख तीन महिन्यांनी, आणि तोवर १० चे १०च. कुणी वाढवत नाही, कुणी विचारत नाही, आणि दोष मात्र इन्सुलिनला.

तुमच्या घरचे अनुभव आणि प्रश्न लिहा. डोस कुणीही इथे वाचून बदलू नका, तो आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

चाफेकळी

ताई, फार गरजेचा धागा. माझ्या सासऱ्यांना सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन आहे. बाटली हलवल्यावर दुधासारखं गढूळ दिसतं. ते लाँग-ॲक्टिंगच का?

कृष्णाकाठ

चाफेकळी, बाटलीवर ३०/७० असं लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ते मिक्स इन्सुलिन. त्यात ३० टक्के लवकर काम करणारं आणि ७० टक्के मध्यम टिकणारं असतं. आपल्याकडे याचा वापर खूप आहे. ते जेवणाशी बांधलेलं असतं, त्यामुळे टोचलं आणि जेवण राहिलं असं होता कामा नये. ग्लार्जिनचं तसं नाही, ते जेवणाच्या वेळेवर अवलंबून नसतं, फक्त रोज एकाच वेळी घ्यायचं.

आणि गढूळ इन्सुलिन घेण्याआधी बाटली जोरात हलवू नका. दोन तळव्यांत धरून हळूहळू घोळवायची आणि वरखाली करायची, तळाचा पांढरा थर पूर्ण मिसळेपर्यंत. नितळ इन्सुलिनचं उलट. ते गढूळ दिसलं तर वापरायचंच नाही.

चाफेकळी

३०/७० च आहे. धन्यवाद. ते जेवणाआधी घेतात पण देवपूजा आटोपेपर्यंत कधीकधी तास जातो. आजच सांगते घरी.

डोंगरवाट

वडील ६८ वर्षांचे, वजन ७० किलो. रात्री १४ युनिट ग्लार्जिन, सोबत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या. सकाळची शुगर गेले काही महिने १६५-१८० च्या आसपास अडकली आहे. वाढवायला हवं हे दिसतंय, पण त्यांना भीती वाटते की रात्री झोपेत शुगर उतरली तर कळणारच नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटते.

सातारी डॉक्टर

मी फिजिशियन आहे. समोर रुग्ण नसताना डोस सांगता येत नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

भीती रास्त आहे, म्हणून आधी ती तपासा. एकदोन रात्री पहाटे ३ वाजता ग्लुकोमीटरवर शुगर बघा. ३ वाजता ती चांगली किंवा जास्त असेल आणि सकाळीही जास्त, तर डोस कमी पडतोय किंवा पहाटेच्या हॉर्मोन्समुळे शुगर चढतेय. ३ वाजता ७० च्या खाली सापडली तर गोष्ट वेगळी, मग वाढवायचं नाही. परवडत असेल तर दंडावर लावायचा सेन्सर १४ दिवसांसाठी लावला तर सगळी रात्र आलेखात दिसते.

दुसरं, रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर अशा दोन्ही वेळच्या शुगर लिहून ठेवा. झोपताना २३० आणि सकाळी १७०, म्हणजे रात्रीत ६० उतरली, तर प्रश्न रात्रीचा नाही, रात्रीच्या जेवणाचा आहे. हा फरक ५० किंवा त्याहून जास्त असेल तर नुसतं बेसल वाढवत नेणं धोक्याचं. तसंच डोस वजनाच्या किलोमागे ०.५ युनिटच्या वर जाऊ लागला, म्हणजे तुमच्या वडिलांच्या बाबतीत ३५ युनिटच्या आसपास, की थांबून विचार करायचा: जेवणानंतरच्या शुगरसाठी दुसरं काही जोडायला हवं का? १४ युनिट त्या रेषेपासून बरंच दूर आहे.

तिसरं, ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वतःही शुगर उतरवते. इन्सुलिन वाढवताना ती कमी करायची की थांबवायची हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी तपासलंय? किडनीचं काम मंदावलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं आणि कालपर्यंत बरोबर असलेला डोस जड होतो. ६८ व्या वर्षी ही तपासणी झाल्याशिवाय मी डोसला हात लावत नाही.

डोंगरवाट

झोपतानाची शुगर आम्ही कधीच बघितली नव्हती. आजपासून वही सुरू.

पैठणी

माझ्या मोठ्या जाऊबाईंना डॉक्टर सहा महिने सांगतायत, त्या घेतच नाहीत. "एकदा सुरू झालं की सुटत नाही" आणि "इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी" ही दोन वाक्यं पाठ. काय सांगावं?

कृष्णाकाठ

पैठणी, त्यांना गरोदरपणातल्या मधुमेहाचं उदाहरण द्या. त्या बायकांना गरज पडली तर इन्सुलिन देतात आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं ते बंद होतं. मोठं ऑपरेशन असलं की तेवढ्यापुरतं देतात आणि मग पुन्हा गोळ्या. इन्सुलिनची सवय लागत नाही. टाइप २ मध्ये स्वादुपिंडाची ताकद वर्षागणिक घटत जाते, म्हणून पुष्कळांना ते पुढे चालू ठेवावं लागतं. ते आजाराच्या चालीने होतं.

"शेवटची पायरी" मात्र मला खरोखर त्रास देते. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी याच भीतीने टाळत टाळत डोळ्यांचा पडदा खराब करून घेतला. पायाला मुंग्या, मग जखम, मग इन्सुलिन. आणि मग सगळे म्हणाले, बघा, इन्सुलिन सुरू झालं आणि तब्येत गेली. क्रम उलटा होता.

सातारी डॉक्टर

यात भर. इन्सुलिनने कॅन्सर होतो अशी एक चर्चा २००९ च्या सुमारास ग्लार्जिनबद्दल उठली होती, अजूनही कुणी ना कुणी फॉरवर्ड करतं. २०१२ मध्ये ओरिजिन नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साडेबारा हजारांहून जास्त लोक, साधारण सहा वर्षं. ग्लार्जिन घेणाऱ्यांत कॅन्सर वाढला नाही, हृदयविकारही वाढला नाही. शुगर लो होण्याचे प्रसंग आणि थोडं वजन मात्र वाढलं, तेही रुग्णाला सांगायला हवं. जाऊबाईंना हे दोन्ही सांगा. अर्धं सांगितलं की लोकांचा विश्वास जातो.

रानवारा

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि लाइट दुपारी दोन-दोन तास नसते. काकूचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे पण फ्रिज बंदच पडलेला असतो. शेतावर राहायला गेलो तर तेही नाही. काय करावं?

औषधी पेठ

माझं मेडिकल आहे, हा प्रश्न उन्हाळ्यात रोज येतो.

न उघडलेला साठा २ ते ८ अंशात, फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात किंवा मागच्या भिंतीला चिकटून नको, तिथे गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं, ते दिसायला अगदी पहिल्यासारखं असतं पण कामाचं राहत नाही. फ्रिज तास-दोन तास बंद राहिला आणि दार उघडलं नाही तर काही बिघडत नाही.

वापरात असलेलं पेन किंवा बाटली ३० अंशांच्या आत बाहेर ठेवता येते. ग्लार्जिन २८ दिवस, डेग्लुडेक (दुसरं एक लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन) ५६ दिवस. उघडलं त्या दिवशी लेबलवर पेनाने तारीख घाला. डोस कमी असणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. पेनमध्ये ३०० युनिट असतात. रोज ८ युनिट आणि सुईतून थेंब येतो का हे तपासायला २ युनिट, असे १० गेले तर ते ३० दिवस पुरेल. म्हणजे २८ व्या दिवशी थोडं उरलेलं असतं. ते जिवावर येतं तरी टाकून द्यायचं.

शेतावर मातीचा माठ वापरा. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात इन्सुलिन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून झाकणाच्या डब्यात, म्हणजे पाणी लागणार नाही. वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल अशा जागी. विदर्भाच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन चांगलं होतं, त्यामुळे आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली येतं. कोकणातल्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही. मोटरसायकलच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र पाच मिनिटंही ठेवू नका.

आणि इथे आलोच आहे तर सगळ्यांना हात जोडून एक सांगतो. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली आणि १० च्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. अडीच पट. उलट झालं तर १० च्या जागी फक्त ४. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवल्याशिवाय दुकानातून हलू नका, आणि दुकानदार घाईत असला तरी त्याला थांबवून विचारा. ग्लार्जिनचा ३०० युनिट प्रति मिलिलिटरचा पेनही येतो. पेनमधून सिरिंजने इन्सुलिन कधीच ओढायचं नाही.

रानवारा

माठाचं आजच करतो. काकूची बाटली बघितली, ४० ची आहे आणि सिरिंज लाल टोपणाचीच. जीव भांड्यात पडला.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे सासूबाई डेटेमिर या लाँग-ॲक्टिंग इन्सुलिनवर होत्या, पण कंपनीने २०२४ अखेर ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं. आता डॉक्टरांनी डेग्लुडेकवर आणलंय. भारतातून येणाऱ्या आईबाबांसाठी काही सूचना कुणाकडे आहेत का? विमानप्रवास आणि घड्याळाचा घोळ हा आमचा दर वर्षीचा प्रश्न.

सातारी डॉक्टर

डेटेमिरला एक चरबीची शेपटी जोडलेली असते, तिच्या जोरावर ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं आणि हळू सुटतं. पण अनेकांना दिवसातून दोनदा घ्यावं लागायचं. कातडीखाली डेग्लुडेकच्या लांब साखळ्या तयार होतात आणि टोकाकडून एकेक रेणू सुटत जातो. त्याचा परिणाम ४२ तासांहून जास्त राहतो. याचा प्रवासात फायदा असा की वेळ थोडी पुढेमागे झाली तर चालते, फक्त दोन डोसमध्ये किमान ८ तासांचं अंतर हवं. पण याच कारणाने त्याचा डोस बदलल्यावर खरा परिणाम दिसायला ३-४ दिवस लागतात. आज वाढवलं, उद्या फरक नाही म्हणून परवा पुन्हा वाढवलं, असं करायचं नाही.

ग्लार्जिनवाल्या आईबाबांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावं. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत देऊ नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. हातातल्या बॅगेत, सोबत प्रिस्क्रिप्शन.

एडिसनकर

आभार. इथे किमतीबद्दलही लोक विचारतात म्हणून लिहितो: ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, जानेवारी २०२३ पासून इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरची कमाल मर्यादा आहे. पण व्हिजिटर म्हणून आलेल्या आईबाबांना ती लागू नाही, त्यांनी पुरेसा साठा घरूनच आणावा.

कृष्णाकाठ

किमतीचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लार्जिनचा समावेश झाला. त्याआधी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही लाँग-ॲक्टिंग इन्सुलिनं आपल्या यादीत घेतली. बंगळुरूच्या बायोकॉनचं ग्लार्जिन आपल्या बाजारात २००९ पासून आहे, आणि त्याच कंपनीच्या ग्लार्जिनला २०२१ मध्ये अमेरिकेत मूळ औषधाच्या जागी देता येण्याजोगं म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा "भारतीय म्हणजे हलकं" असं मनात आणू नका. ब्रँड बदलायचा असेल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि पुढचे काही दिवस सकाळची शुगर रोज बघा, एवढंच. आणि ज्यांना ग्लार्जिनही परवडत नाही त्यांच्यासाठी एनपीएच हे आजही खरं, चांगलं औषध आहे. परवडत नाही म्हणून काहीच न घेणं, हे होऊ देऊ नका.

पिलूची आई

माझा मुलगा ११ वर्षांचा, टाइप १. इथे सगळे टाइप २ चं लिहितायत म्हणून एक कळकळीची विनंती. टाइप १ मध्ये बेसल कधीच, कोणत्याही कारणाने बंद करायचं नाही. उलट्या होतायत, काही खात नाहीये, ताप आहे, तरीही नाही. आजी म्हणतात "पोटात अन्न नाही तर इन्सुलिन कशाला देतेस?" माया आहे त्यात, पण शरीरात स्वतःचं इन्सुलिनच नसतं, त्यामुळे बेसल थांबलं की चरबी जळून रक्तात आम्ल (किटोन) साठतं आणि काही तासांत मूल आयसीयूत जाऊ शकतं. आजारपणात आम्ही शुगर दर तीन-चार तासांनी बघतो, लघवीतले किटोन तपासतो आणि डॉक्टरांना फोनवर धरून ठेवतो. जेवणाचं इन्सुलिन खाण्याप्रमाणे कमी होतं. बेसलचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील, पण शून्य नाही.

चाफेकळी

पिलूच्या आई, हे वाचून अंगावर काटा आला. शाळेत कळवलंय का?

पिलूची आई

हो, वर्गशिक्षिकेकडे ग्लुकोज पावडरचा डबा आणि एका पानावर सगळं लिहून दिलंय. शुगर ७० च्या खाली गेली की तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८.

सुगरण

एकादशी, चातुर्मासाचे उपास? आई ऐकणार नाही हे नक्की, ७२ वर्षांची आहे.

सातारी डॉक्टर

नुसतं बेसल आणि मेटफॉर्मिन असेल तर बऱ्याच जणांना डोस थोडा कमी करून उपास जमतो. किती कमी हे आधी भेटून ठरवायचं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा मिक्स इन्सुलिन असेल तर मी उपासाला नाही म्हणतो, किंवा औषध बदलून देतो. पण आपल्याकडचा उपास बहुतेकदा साबुदाणा, बटाटा, रताळं आणि शेंगदाण्याचा लाडू यांचा असतो. त्यात शुगर उतरण्यापेक्षा चढण्याची शक्यता जास्त. आईंना भगर आणि ताक, एखादं फळ, असं मधे मधे थोडं थोडं घ्यायला सांगा, भगरही वाटीभरच. आणि शुगर ७० च्या खाली गेली तर उपास तिथेच सोडायचा, हे देवासमोर बसूनच कबूल करून घ्या.

पैठणी

आठवड्यातून एकदाच घ्यायचं इन्सुलिन आलंय असं वाचलं. जाऊबाई त्याला तयार होतील!

सातारी डॉक्टर

आयकोडेक. मे २०२४ मध्ये युरोपात मंजूर झालं. दिवसाला १० युनिट लागणाऱ्याने आठवड्याला ७० घ्यायचे, पण ते एका मिलिलिटरमध्ये ७०० युनिट इतकं दाट असल्याने टोचायचं द्रव रोजच्या १० युनिटएवढंच. टाइप २ च्या ज्या लोकांना रोज टोचण्याचा कंटाळा आहे, किंवा ज्यांना घरी येऊन कुणीतरी टोचून जातं, त्यांच्यासाठी ही खरी सोय आहे. टाइप १ मध्ये मात्र अभ्यासात शुगर लो होण्याचे प्रसंग जास्त दिसले, आणि जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मंजुरी देणारी संस्था) मंजुरी न देता आणखी माहिती मागवली. माझं मत: एकदा टोचलेलं आठवडाभर परत काढता येत नाही. ज्यांचं खाणंपिणं, किडनी, तब्येत सतत वरखाली होते त्यांना मी इतक्यात देणार नाही. जाऊबाईंनी त्याची वाट बघत आणखी सहा महिने घालवू नयेत.

कृष्णाकाठ

टोचण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आईची शुगर मधे विनाकारण वरखाली व्हायला लागली होती. डोस तोच, जेवण तेच. नर्सबाईंनी तिला आडवं करून बेंबीच्या डाव्या बाजूला बोटांची पेरं हलकेच फिरवली आणि माझं बोट तिथे ठेवलं. कातडीखाली रबरासारखी मऊ, सुपारीएवढी गाठ. वरून काही दिसत नव्हतं. त्या जागी दुखत नाही म्हणून आई रोज तिथेच टोचत होती. अशा गाठीतून इन्सुलिन कसंही शोषलं जातं, आज कमी, उद्या जास्त.

आता पोटाचे चार भाग केलेत. आठवड्याला एक भाग, आणि त्या भागातही आदल्या दिवशीपासून बोटभर लांब. बेंबीच्या अगदी जवळ नाही. सुई ४ मिलिमीटरची, रोज नवी. टोचायच्या आधी पेन उभं धरून २ युनिट फिरवून दाबायचे, सुईच्या टोकावर थेंब आला की मगच डोस लावायचा. थेंब नाही आला तर सुई बंद आहे किंवा आत हवा आहे. टोचल्यावर बटण दाबून धरून मनात १० आकडे, मग सुई काढायची, नाहीतर शेवटचे काही युनिट कातडीवरच राहतात. चोळायचं नाही. आणि गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला सुरुवात कराल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा, कारण चांगल्या जागेतून तोच डोस जास्त लागू पडतो. आईचा ४ युनिटने कमी करावा लागला.

डोंगरवाट

वही घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आलो. झोपतानाची १७५-१८५, सकाळची १७०, म्हणजे रात्रीत फारशी उतरत नव्हती. ३ वाजताचीही १६० च्या वर. क्रिएटिनिन ठीक आलं. ग्लिमेपिराइड निम्मी केली आणि दर तीन दिवसांनी २ युनिट, सकाळची १३० च्या आत येईपर्यंत, असं लिहून दिलंय. १०० च्या खाली आली तर थांबून फोन करायचा. आता एकच. बाबा दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी जातात. यंदा इन्सुलिन घेऊन जाऊ द्यावं का? नाही म्हटलं तर ते मनाने खचतील.

सातारी डॉक्टर

जाऊ द्या, पण तयारीने. अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल आहे. रोज इतकं चालल्यावर स्नायू साखर ओढून घेतात आणि तो परिणाम त्या रात्रीही टिकतो. म्हणजे घरी बसवलेला डोस वारीत जास्त होणार. निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून कमी केलेला डोस आणि ग्लिमेपिराइडचं काय करायचं हे लिहून घ्या. सकाळी निघताना आणि रात्री टोचायच्या आधी शुगर बघायची. रात्री १०० च्या खाली असेल तर आधी काही खायचं आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे डोस कमी करायचा.

खिशात ग्लुकोज, गळ्यात मधुमेह आणि इन्सुलिनचं नाव लिहिलेलं कार्ड. पेन दिंडीच्या ट्रकमध्ये टाकायचं नाही, ट्रक दिवसभर उन्हात उभा असतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, स्वतःच्या पिशवीत. दिंडीतल्या निदान दोघांना लो शुगरची लक्षणं सांगून ठेवा: घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं.

आणि पाय. अनवाणी अजिबात नाही. रोज रात्री कुणाला तरी बॅटरी धरून तळवे बघायला सांगा. नवे बूट घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या आणि घरी वापरून मऊ करा.

रानवारा

डोंगरवाट दादा, आमची दिंडी त्याच पालखीबरोबर असते. दिंडीचा नंबर मेसेज करा, काकांची रात्रीची शुगर मी बघत जाईन. काकूचं ग्लुकोमीटर सोबत असतंच.